पाकिटातलं पाकीट

धोंडीरामाला लाखेचा नाद होता. कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला तमाशाचा. ह्या गृहस्थाला लाल कांडी मेणबत्तीवर धरून तिचे थेंब कागदावर पाडण्याचा. घाटनांदूरपासून दोन कोसांवरच्या गावात तो सोसायटीचा शिपाई होता. शिपाई म्हणजे कारकून, आणि कारकून म्हणजे सगळंच; चेअरमन मोहनराव सही करायचे, बाकीचं धोंडीराम करायचा. रोज संध्याकाळी गोदामाच्या कुलपाला फडकं गुंडाळायचं, गाठीवर लाख ओतायची आणि सोसायटीची पितळी मोहोर उठवायची, हे त्याचं खास काम. टेंडरची पाकिटंही तोच पाच ठिकाणी सीलबंद करी. मोहोर आधी जिभेनं ओली करावी लागते, नाहीतर लाख तिला चिकटते. मोहोर दाबून तो मनात पाच आकडे मोजी आणि अलगद उचली. वीस वर्षांत आपला एकही ठसा फिसकटला नाही, असं तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

बहात्तरच्या दुष्काळात ह्या नादाला गिऱ्हाईक मिळालं. गावातले निम्मे गडी बाहेर पडलेले. कुणी परळीच्या वीजकेंद्रावर राखेत काम करायला, कुणी कुठल्याशा तलावाच्या बांधावर, कुणी उरलीसुरली जनावरं घेऊन छावणीत. मागं राहिलेल्या बाया धोंडीरामाकडून पत्रं लिहून घेत. आता आपल्याकडं पत्र म्हणजे काय, तर चावडीच. ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचणार, दहाजण ऐकणार, आणि बायकोनं नवऱ्याला कळवलेलं दुखणं दिवस मावळायच्या आत सगळ्या छावणीला पाठ. धोंडीरामाला हे चांगलं ठाऊक होतं, कारण गावात तो स्वतः तेच करत आला होता. त्याच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय गावातलं एकही पत्र मालकाच्या हातात पडत नसे. म्हणून लाजेकाजेचं, जिव्हारीचं काही असलं की बाया लिहून झाल्यावर हळूच म्हणत, "भाऊ, तेवढं लाल लावा."

साखराबाईचं तान्हं लेकरू गेलं तेव्हा तिनं असंच लाल लावून घेतलं. नवरा बांधावर दगड फोडत होता, त्याला ती बातमी चारचौघांत, घमेली खाली ठेवून, ऐकायला लागू नये एवढीच तिची इच्छा.

"पन भाऊ, हे कुनी फोडलं तर?" तिनं विचारलं होतं.

"फोडनाराचा हात कुनी धरत न्हाई, बाई. पन फोडलं हे लपत न्हाई. फुटलेली लाख खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य तो नेहमी बोलायचा. बोलताना त्या दिवशी त्याची जीभ जराशी अडखळली, ती का, ते पुढं येईलच.

खाजगी पत्रावर मात्र त्यानं सोसायटीची मोहोर कधी उठवली नाही. तेवढं इमान त्यानं पाळलं होतं. त्यासाठी त्याच्याकडं निजामाच्या वेळचं एक हाली नाणं होतं, चारमिनारचं. बायांच्या पत्रांवर चारमिनार, सोसायटीच्या कागदांवर मोहोर. लोकांनाही ते कळून चुकलं होतं. चारमिनार दिसला की समजायचं, आत कुणाच्या तरी घरातलं रडणं आहे.

होळीला आठवडा राहिला असेल, तेव्हा धोंडीरामाच्या आईनं अंथरूण धरलं. रतनबाई सत्तरीची, काटक म्हातारी. दुष्काळी वाटपातली सुकडी नि अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन तिनं वर्ष काढलं होतं, पण आता घोटभर पेजही उतरेना. सून छबुबाई दिवसरात्र उशाशी बसून असे. म्हातारीचं एकच म्हणणं, "गहिन्याला बोलवा. मला त्याला बघायचंय."

गहिनीनाथ म्हणजे धोंडीरामाचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी चोरीचा डाग घेऊन गाव सोडून गेलेला. आता चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात, तिथल्या सोसायटीनं चालवलेल्या जनावरांच्या छावणीत राखणदार होता. तिथं त्याचं मागचं कुणाला माहीत नव्हतं.

तो डाग कसा लागला ते सांगायलाच हवं. तेव्हा गहिनीनाथ ह्याच सोसायटीच्या गोदामावर रात्रीचा राखणदार होता. महाशिवरात्रीचा दिवस होता, आणि वैजनाथाच्या यात्रेला परळीला जायच्या घाईत धोंडीराम कुलपावर मोहोर उठवायचा विसरला. वीस वर्षांत एकदाच. पण एकदाच पुरलं. दुसऱ्या दिवशी उजाडता तो परतला तर कुलूप उघडं लोंबतंय, त्यावर लाखेचा मागमूस नाही, आणि आतून भुईमुगाच्या बियाण्याची चार पोती गेलेली. गहिनीनाथ तांब्या घेऊन परसाकडं गेला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. धोंडीरामानं हिशेब केला. मोहोर नव्हतीच म्हटल्यावर चोरी संध्याकाळी राखणदार यायच्या आधी झाली, की नंतर रात्री झाली, कुणी सांगावं? सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार. त्यानं खिशातून जुन्या सीलचा एक तुकडा काढला, अर्धा ठसा असलेला, टाचेखाली रगडला आणि उंबऱ्यावर भुगा टाकला. दोन मिनिटांचं काम. कमिटी आली, लाल भुगा बघितला आणि निकाल दिला: संध्याकाळी सील होतं, रात्री फुटलं. रात्री दाराशी कोण होता? गहिनीनाथ.

"दादा, तू सील केलतंस न्हवं?" गहिनीनाथनं सगळ्यांपुढं विचारलं.

"केलतं," धोंडीराम म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पोलिसात गेलं नाही हेच उपकार, असं मोहनराव म्हणाले. गहिनीनाथची नोकरी गेली, जमलेलं लग्न मोडलं. हा डाग निघाल्याबिगर ह्या गावचं पाणी पिणार नाही, असं बोलून तो निघून गेला. खरा चोर कोण होता ते आजवर कुणाला कळलं नाही. धोंडीरामाला वाटायचं, वर्षभरानं सांगू, लोक विसरले की सांगू, मोहनरावांची चेअरमनकी गेली की सांगू. मोहनराव काही हलले नाहीत, आणि सांगणं जुन्या गळवासारखं आतल्या आत ठसठसत राहिलं.

"आवं, साधं कार्ड टाका की," छबुबाई म्हणाली. "माय लई शिक हाय, ये. दोन सबुद. न्हाईतर घाटनांदूरला जाऊन तार करा."

"तो तसा यायचा न्हाई. त्यानं शपत घेतलीया. त्याला सगळं लिवायला पायजे."

"सगळं म्हंजी काय?"

"हाय आमचं भावाभावाचं."

त्यानं दुपारी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि पत्र लिहिलं. खरं खरं लिहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मोहोर उठवायची राहिली होती, भुगा मी टाकला, तुझा काही गुन्हा नव्हता, माय शेवटच्या घटका मोजतेय, माझ्या तोंडावर थुंकायला का होईना पण ये. लिहिता लिहिता त्याला रडू आलं आणि शाई दोन ठिकाणी पसरली. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्याच्या हातून जेवढं वाईट होतं तेवढं वाईटाच्या हातूनही होत नाही.

भीती इथंही आडवी आलीच. पत्र छावणीत जाणार, मुकादम फोडणार, मोठ्यानं वाचणार. तिथून इथं बातमी यायला किती वेळ? मग नोकरी गेली, अब्रू गेली. गहिनीनाथ चौथी शिकलेला होता, त्याला स्वतःला वाचता येत होतं. फक्त त्याच्या हातात ते बंद पडायला हवं होतं. चारमिनारचं नाणं धोंडीरामानं हातात घेतलं आणि परत ठेवलं. चारमिनार बघून कुणीही म्हणेल, बघू तरी काय रडगाणं आहे. सोसायटीची मोहोर फोडायची मात्र कुणाची छाती होत नाही. त्यानं पत्र एका पाकिटात घातलं, त्यावर गहिनीनाथचं नाव घातलं, मागं लाख ओतली. ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातलं, सोबत चिठ्ठी: 'आतले पाकीट आपल्या छावणीचे राखणदार यांस खाजगी देणे.' वरच्या पाकिटावर तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा पत्ता लिहिला आणि पाच ठिकाणी सोसायटीची मोहोर उठवली. पाची ठसे स्वच्छ आले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण त्या क्षणी त्याला आपण फार जपून वागलो असं वाटत होतं.

पत्र गेलं. चार दिवस जायला, एक दिवस यायला, असा त्यानं हिशेब धरला. पाचव्या दिवशी तो एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभा राहिला. सहाव्या दिवशीही गेला. होळी झाली, जाळायला लाकडं नव्हती, पोरांनी काट्याकुट्या पेटवल्या. गहिनीनाथ आला नाही.

"एक कार्ड तरी टाका आता," छबुबाई म्हणाली.

"पत्र गेलंय न्हवं. वाचून राग आला आसंल. उतरंल."

नवव्या दिवशी म्हातारीला जरा हुशारी वाटली. तिनं धोंडीरामाला जवळ बोलावलं. छबुबाई उशाशी होतीच.

"यायला न्हाई का रं गहिन्या?"

"येतोय, माय. पत्र टाकलंय."

"त्याला म्हनावं, माझ्या मनात काय न्हाई. चार पोती नेली तर नेली. लेकराची जात, तवा लग्नाला पैका पायजे आसंल. चुकलं त्याचं. मायला तोंड दावायला लाजू नको म्हनावं."

धोंडीरामाचं तोंड उघडलं. चार शब्द पुरले असते. पण मोहनरावांच्या घरची सत्यभामाबाई म्हातारीला बघायला म्हणून दारात आली होती, आणि तिच्या कानावर पडलं म्हणजे मोहनरावांच्या कानावर पडलंच. गहिनीनाथ आला की त्याच्या समोरच सांगू, दोघांना एकदमच सांगू, असं त्यानं ठरवलं. सत्यभामाबाई घटकाभरानं गेली. तेव्हाही तो बोलला नाही. त्यानंतरचे तीन दिवसही होते. आपलाच लेक चोर आहे असं समजून, त्याला माफ करून, रतनबाई बाराव्या दिवशी भरदुपारी गेली.

मयताची बातमी कळवायची आपल्याकडं एक रीत आहे. साध्या कार्डावर दोन ओळी खरडायच्या आणि कार्डाचा एक कोपरा फाडायचा. तसलं कार्ड हातात पडलं की पोस्टमन दुसरी कामं टाकून आधी ते नेऊन देतो; वाटेत कुणी अडवत नाही, वाचायला म्हणून कुणी ठेवून घेत नाही. धोंडीरामानं कोपरा फाडून कार्ड टाकलं.

पाचव्या दिवशी गहिनीनाथ दारात उभा राहिला. अकरा वर्षांत तो पार सुकून गेला होता. कानशिलं पांढरी, गळ्याची हाडं वर आलेली. छबुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. धोंडीराम बघत राहिला. गहिनीनाथनं तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. ज्या शपथेच्या भीतीनं एवढं पत्रपुराण झालं, ती त्याला आठवलीसुद्धा नसावी.

मग तो मायचं अंथरूण होतं त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसला. बराच वेळ जमिनीवरून हात फिरवत राहिला.

"शिक व्हती, तवा कळवायचं व्हतं, दादा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मुकादम कार्ड घेऊन पळत आला. तसाच निघालो. पन काय, बैल गेला नि झोपा केला."

"कळवलं व्हतं," धोंडीराम म्हणाला. "होळीच्या आदी. पत्र मिळालं न्हाई तुला?"

"कोनतं पत्र?"

"पाकीट. तुमच्या सेक्रेटरीच्या नावानं. सीलबंद."

गहिनीनाथ त्याच्याकडं बघत राहिला. "आपल्या सोसायटीच्या मोहरेचं? पाच सीलचं?"

"व्हय, तेच."

"आरं, ते तर टेंडर हाय."

"टेंडर कशाचं? माझं पत्र हाय ते."

"कडब्याच्या वाहतुकीचं टेंडर काढलंय आमच्याकडं. गावोगावच्या सोसायट्यांची सात पाकिटं आलीत. सेक्रेटरीनं समदी कपाटात घालून कुलूप लावलंय. सोमवारी कमिटी बसनार, तिच्यापुढं एकेक फोडनार आन मोठ्यानं वाचनार. तवर कुनी हात लावायचा न्हाई." मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्या कपाटापुढं मीच निजतो, दादा. राखनदार हाय न्हवं मी. आपल्या गावची मोहोर मी लांबून वळखली. चार मानसांना दावली, म्हनलं, बघा, ही आमच्या गावची सोसायटी, किती साफ ठसा हाय. तेरा राती निजलो मी तितं."

बाहेर कोरड्या आडावर कुणीतरी उगाच रहाट फिरवून बघत होतं, त्याचा आवाज येत होता.

"काय लिवलंतंस त्यात?" गहिनीनाथनं विचारलं. "माय शिक हाय, येवढंच ना? त्याला पाच सील कावून?"

सोमवारला चार दिवस राहिले होते. सोमवारी ते पत्र एका परक्या गावात, कडब्याच्या दरांच्या मध्ये, कुणीतरी खणखणीत आवाजात वाचणारच होतं. म्हणजे आता सांगण्यात धोंडीरामाची काही मर्दुमकी उरली नव्हती. तरी ते सांगणं त्याला जड गेलं. खाली मान घालून, तुटक तुटक, त्यानं शिवरात्रीपासून सगळं सांगितलं. दाराशी उभ्या असलेल्या छबुबाईलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. ती चौकट धरून उभी राहिली.

गहिनीनाथ उठून मारील, असं धोंडीरामाला वाटलं होतं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो जमीन बोटानं टोकरत बसला.

"मला अंदाज व्हता," शेवटी तो म्हणाला. "तू त्या दिशी माझ्याकडं न बघता 'केलतं' म्हनलास, तवाच व्हता. पन दादा, साधं कार्ड टाकायचं व्हतंस रं. 'माय बोलवायलीय', दोन सबुद. मी चालत आलो आसतो. तुला मायची नि माझी गाठ घालायची व्हती का तुझी अब्रू झाकायची व्हती?"

धोंडीराम नखानं बोटावरची वाळलेली लाख खरवडत बसला.

गहिनीनाथनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं त्यानं वर बघितलं, आणि त्याच्या सुकलेल्या तोंडावर पहिल्यांदाच आशा दिसली. ती बघताच पुढचा प्रश्न काय असणार हे धोंडीरामाला कळलं.

"मायला सांगितलंस का?"

धोंडीरामानं छबुबाईकडं बघितलं. बारा दिवस ती म्हातारीच्या उशापासून हलली नव्हती. घरात कोण काय बोललं आणि कोण काय बोललं नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सांगितलं," धोंडीराम म्हणाला.

"खरं?"

"खरं."

"काय म्हनली माय?"

"म्हनली... मला ठाऊकच व्हतं. माझा गहिन्या तसा न्हाईच."

गहिनीनाथचा बांध फुटला. हा एवढा बाप्या माणूस, दारात आल्यापासून ज्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, तो मायच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. छबुबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले. मग दिराच्या हलणाऱ्या पाठीकडं तिनं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

रडणं ओसरल्यावर गहिनीनाथ उठला. "मंग सोमवारी वाचू देत काय वाचायचं ते," तो म्हणाला. "मायला कळलं व्हतं न्हवं, मंग बाकीच्यांचं मला काय? तेवढं एक केलंस, दादा." आणि थोरल्या भावाला आता बापाच्या जागी मानायचं म्हणून त्यानं वाकून धोंडीरामाच्या पायांवर डोकं ठेवलं.

धोंडीरामानं पाय मागं घेतले नाहीत.